मोटरीचं औषध

“दसऱ्याला मोटर बंद पाडली ती हीच न्हाई का?”

आक्काच्या तेराव्याच्या दिवशी पंगत उठल्यावर परसात हात धुताना एक बाई दुसरीला विचारत होती. “हीच की,” दुसरीनं चूळ भरून सांगितलं, “देशमुखाला चारचौघांत बैल जुंपायला लावले हिनं. लई हौस बाई, रांडमुंड बाईला मोटरीची!” मी त्यांच्या मागेच पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. त्यांनी मला पाहिलं, जरा चपापल्या, मग हात पुढे केले. मी पाणी घातलं. काही बोलले नाही.

मी बोलत नाहीच. घरात सगळ्यांना ते ठाऊक आहे. हैदराबादेच्या इंग्रजी शाळेत राहून आलेली मुलगी, चार माणसं दिसली की दाराआड होते, असं आमची आत्या हसून सांगते. पण त्या दिवशी मी गप्प राहिले ती लाजेपायी नव्हे. त्याला आज पाच आठवडे झाले. आक्काबद्दल लिहायचं तर ते गप्प राहणं टाळून लिहिता येणार नाही, आणि ते टाळायचं असेल तर न लिहिलेलंच बरं.

आक्का म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांची मुलगी. चुलते आधीच गेले होते. तिचं लग्न माजलगावाकडं झालं, आणि दोन वर्षांत कपाळ पांढरं होऊन ती आमच्याकडे परत आली, तेव्हा मी पाच-सहा वर्षांची असेन. माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. अक्षरओळख नाही. उंच, काटक, आणि चालताना पायांचा आवाज न होणारी. घरात तिला वाईट कुणी वागवलं नाही, पण तिचं असं काही तिथं नव्हतं. ज्या खोलीत धान्याची पोती असत त्याच खोलीत तिची ट्रंक असे.

मग मोटर आली. युसूफ वडगावच्या आसपासच्या गावांत ती पहिलीच. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गावच्या देशमुखांनी, ती हैदराबादेहून आणली आणि तिच्याबरोबर चाँदमियाँ नावाचे एक म्हातारे उस्ताद आणले. मोटरखाना घराच्या आतल्या चौकात बांधला, बाहेरच्या पुरुषांची नजर जिथं पोचत नाही अशा जागी. म्हणूनच आक्काला तिथं जाता आलं. चाँदमियाँ इंजिन उघडून बसले की ती सुपात डाळ घेऊन जवळ बसायची, आणि डाळ निवडून व्हायच्या आत तिच्या लक्षात सगळं यायचं. म्हातारा तिला बेटी म्हणायचा. दोन वर्षांनी त्याला दिसेनासं झालं, तो आपल्या मुलाकडे निघून गेला, आणि जाताना मोटरखान्याची किल्ली त्यानं आबांच्या हातात न देता आक्काच्या हातात दिली. “बासी पेट्रोल नक्को रखो बेटी,” एवढं एकच तो पुन्हा पुन्हा सांगत होता.

त्यात सगळं आलं. आमच्याकडे मोटर आठ महिने चालते आणि चार महिने उभी राहते. पावसाळ्यात आमच्या काळ्या जमिनीत बैलगाडीचं चाक आसापर्यंत रुततं, तिथं मोटर कसली चालणार? मृगापासून दसऱ्यापर्यंत ती मोटरखान्यात. आणि इंजिनातल्या कार्बुरेटरला एक वाटी असते, लिंबाएवढी. टाकीतलं पेट्रोल आधी त्या वाटीत उतरतं आणि तिथून सुईच्या नेढ्याएवढ्या भोकातून इंजिनात जातं. मोटर फार दिवस उभी राहिली की वाटीतलं पेट्रोल उडून जातं, आणि मागं जे उरतं ते बाभळीच्या डिंकासारखं, तपकिरी, चिकट. ते भोक बुजलं की मोटर म्हणजे नुसतं पत्र्याचं घर. म्हणून मृग लागला की आक्का टाकीची तोटी बंद करायची, वाटी सोडवायची, त्यातलं पेट्रोल मलमलीतून गाळून घ्यायची, वाटी पुसून कोरडी करायची आणि देवघरातली उपकरणी ठेवावीत तशी फडक्यात गुंडाळून ठेवायची. दसऱ्याच्या आदल्या दिवशी परत बसवायची. पाच वर्षांत दसऱ्याला मोटर एकदाही अडली नाही.

मोटर ती स्वतः कधी चालवत नसे. चालवायचे आबा. तिला फार तर मागच्या बाजूला, पडदे सोडून, देवीला नेत. पण आबांची मोटर गावाच्या वेशीवर आली की स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता ती मान तिरकी करायची. “आज उजवीकडचं खोकतंय,” म्हणायची. आबा आत येऊन पाय धुण्याआधी हाक मारायचे ती तिलाच. मग दोघं मोटरीचं झाकण उघडून उभे राहायचे. आबा विचारायचे, ती सांगायची. घरात दुसरं कुणी आबांना काही सांगत नसे. आईसुद्धा नाही.

मला हे सुट्टीत येऊन बघावं लागायचं. मला आबांनी आठव्या वर्षी हैदराबादेला पाठवलं. आमच्या घराण्यातली इंग्रजी शिकणारी मी पहिलीच मुलगी. पाहुणे आले की आबा मला बोलवायचे, हातात काहीही छापील द्यायचे आणि म्हणायचे, “वाच गं.” मी वाचायची. पाहुणे मान डोलवायचे, आबा मिशीतून हसायचे, आणि मग म्हणायचे, “जा आत.” ...मला ते लोकांना दाखवायचे आणि तिला विचारायचे. हा फरक मला फार लवकर कळला. नऊ वर्षांच्या शाळेत मला इतकं स्पष्ट दुसरं काही कळलं नसेल. रेल्वेतून घाटनांदूरला उतरले की आबा मोटर घेऊन आलेले असायचे, आणि घरापर्यंतच्या साऱ्या वाटेत ते बोलायचे ते आक्काबद्दल. आक्कानं असं केलं, आक्कानं तसं ओळखलं. मी खिडकीतून तूर बघत बसायची.

आणि तिनं माझा कधी राग केला असता तर बरं झालं असतं. ती मला ‘मड्डम’ म्हणायची. मी आले की माझ्या केसांना तेल लावायची, आणि तिच्या बोटांना शिकेकाईखालीही पेट्रोलचा वास यायचा. “काय काय शिकवतेत गं तुला, मड्डम?” विचारायची. मी म्हणायची, तुला नाही कळायचं. “खरंय बाई,” ती हसायची. मला वाटायचं, हिनं एकदा तरी चिडावं. मला तिचा वास स्वतःच्या हाताला हवा होता. एकदा दुपारी ती झोपलेली असताना मी तिच्या पदराची गाठ सोडून किल्ली काढली, मोटरखाना उघडला आणि नुसती आत उभी राहिले. काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं. पाच मिनिटांनी किल्ली परत गाठीत बांधली.

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात आबा हैदराबादेहून एक बाटली घेऊन आले. गडद निळी, मेण लावून बंद केलेली, भोवती इंग्रजी छापलेला कागद. मोटरीच्या दुकानदारानं त्यांना सांगितलं होतं, की हे औषध पेट्रोलमध्ये घाला आणि मोटर सहा महिने उभी ठेवा, डिंक धरणार नाही, वाटी सोडवायची कटकटच नको. आबा भारी खुशीत होते. माझी शाळा उघडायला आठ दिवस होते. चौकात मोटरीजवळ आक्का उभी, आबा घडवंचीवर बसलेले, आणि त्यांनी मला हाक मारली. मला वाटलं, कुणी पाहुणे आले. कुणीच नव्हतं. आबांनी कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “हिला वाचून दाखव.”

हिला वाचून दाखव... सहा वर्षं मी घराबाहेर राहिले, परक्या भाषेत प्रार्थना म्हटल्या, परक्या चवीचं खाल्लं, आईच्या आठवणीनं उशी भिजवली, ती हिला वाचून दाखवायला. हे मला त्या क्षणी असं शब्दांत सुचलं नव्हतं. नुसते कान तापले होते.

मी वाचत गेले आणि मराठीत सांगत गेले. ताजं पेट्रोल टाकीत भरा. बाटली हलवून घ्या. एका गॅलनला इतकं, असं मापानं टाकीत घाला. डिंक धरत नाही, कार्बुरेटर पुन्हा पुन्हा सोडवावा लागत नाही. आक्का बोटांवर मोजत होती. खाली शेवटची एक ओळ होती, जरा बारीक अक्षरात: औषध घातल्यावर इंजिन दहा मिनिटं चालू ठेवावं, म्हणजे औषध मिसळलेलं पेट्रोल कार्बुरेटरात पोचेल, नाहीतर उपयोग नाही. ती ओळ मी मनात वाचली. आणि कागदाची घडी घातली.

“एवढंच?” आक्कानं विचारलं.

“एवढंच.”

ती वाकून इंजिनाकडे बघत राहिली. “काका,” ती आबांना म्हणाली, “टाकीत औषध गेलं, ते बराबर हाय. पर वाटीत जुनंच ऱ्हातंय की. तिथं औषध कसं जाईल?”

आबांनी माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच, तिच्या प्रश्नाचं उत्तर ते मला विचारत होते. मी म्हणाले, “कागदात लिहिलंय, कार्बुरेटर सोडवावा लागत नाही.” ते खोटं नव्हतं. लिहिलंच होतं तसं.

“झालं तर!” आबा म्हणाले. “आता तुझी ती वाटी राहू दे बाई यंदा.”

आक्कानं मोटरीचं झाकण लावलं. मग हसली. “ऱ्हाऊ दे मग. इंग्रजी कागद हाय, लिहिणारे शानेच असतील. आन् वाचणारी आपलीच हाय.”

तिनं स्वतःला ठाऊक होतं ते माझ्या वाचण्यापुढं बाजूला ठेवलं. मला तिला एकदा, फक्त एकदा, आबांसमोर चुकलेलं पाहायचं होतं. दसरा, गाव, तहसीलदार, यातलं काही माझ्या मनात नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. पण पावसाळाभर माझ्याकडे चार महिने होते. वसतिगृहात मी दोनदा पत्र लिहायला घेतलं. आक्काला वाचता येत नाही, म्हणजे पत्र आबा वाचणार. मी दोन्ही वेळा कागद फाडून टाकला.

दसऱ्याला घरी आले तर मोटर धुऊन झेंडूच्या माळांनी सजवलेली. आमच्याकडे दसऱ्याला मोटरीची पूजा झाली की आबा मानकऱ्यांना बसवून तीच घेऊन सीमोल्लंघनाला शिवेवरच्या शमीपर्यंत जायचे. त्या वर्षी केजहून तहसीलदारसाहेब आले होते, तेही बसणार होते. दारात अख्खं गाव. सुवासिनींनी मोटरीला ओवाळलं. आक्का आपली मागं, खांबाला टेकून. तिला ओवाळायचा मान नव्हता. तिचा मान त्यानंतर होता, इंजिन सुरू व्हायच्या वेळी, आणि तो कुणाला दिसत नसे. मोटर चौकातून ढकलून दारात आणली. गड्यानं हँडल फिरवलं. एकदा, दोनदा, दहादा. मोटर नुसती ठसकली. आबांचा चेहरा लाल झाला. दुसऱ्या गड्यानं फिरवलं. तहसीलदारसाहेब मागच्या बाकावर शेरवानी सांभाळत बसलेले, खाली उतरावं की नाही या पेचात.

मुहूर्त टळत होता. कुणीतरी म्हणालं, बैल लावा. आणि खरंच, शिंगांना रंग लावलेली, झुली घातलेली आमचीच पूजेची खोंडं आणून मोटरीला जुंपली. मागून एक तरणा ओरडला, “देशमुखाच्या मोटरीला कडबा टाका बे कुणीतरी!” लोक हसले. लेझीम वाजत होती, बैल चालत होते, आबा पुढं चाक धरून ताठ बसले होते. मी माडीच्या खिडकीतून पाहत होते. बाजूला आक्का येऊन उभी होती. ती मोटरीकडे पाहत नव्हती. डोळे मिटून नुसती ओठ हलवत होती, जशी काही हिशेब लावत असावी... कुठं, कुठं, कुठं चुकलं.

सोनं लुटून लोक परतल्यावर आबा चौकात आले. आक्कानं झाकण उघडून ठेवलं होतं. तिनं वाटी सोडवली आणि तिरपी केली. काही सांडलं नाही. तळाला तपकिरी थर, बोट लावलं तर तार धरणारा. तिनं तो पाहिला. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, एखादा श्वास. मला वाटलं आता ही विचारणार. ती आबांकडे वळली आणि म्हणाली, “माझंच चुकलं काका. मला वाटीची शंका आलती. बगायला पायजे हुती.”

आबा ओरडले नाहीत. त्यांनी हात पुढे केला. “किल्ली.”

तिनं पदराची गाठ सोडली. गाठ जुनी होती, बोटांनी सुटेना, तिनं दातांनी सोडवली. मला सगळ्यात जास्त ते आठवतं. आणि हेही सांगितलं पाहिजे, की तेव्हा मला वाईट वाटलं नाही. मला हलकं वाटलं. जेवताना आबा माझ्या शेजारी बसले आणि मला शाळेचं विचारत राहिले. मी उत्तरं देत होते आणि पुरणपोळी गोड लागत होती.

पुढं आबांनी पगारी ड्रायव्हर ठेवला. मोटरखाना बाहेरच्या अंगाला हलला, म्हणजे आक्काला तिकडे जायचा प्रश्नच उरला नाही. ती दळणकांडणात राहिली. मोटर वेशीवर आली की अजून तिची मान तिरकी व्हायची, पिठानं माखलेले हात तसेच थांबायचे. पण आता ती काही बोलायची नाही, आणि आबाही हाक मारायचे नाहीत. एकदा मात्र न राहवून मला म्हणाली, “मड्डम, त्या डायव्हरला सांग, हवा लई देतोय. ऐकायला येतंय की न्हाई तुला?” मला ऐकायला येत नव्हतं. तीन वर्षं मी सुट्टीत आले की रोज कान देऊन ऐकलं, तरी मला एका आवाजात दुसरा आवाज कधी ऐकू आला नाही. किल्ली गेली, मान गेला, तरी ते तिच्याकडेच राहिलं. याचाही मला हेवा वाटत आला आहे.

या उन्हाळ्यात तिला ताप आला. वैद्य झाले, अंबाजोगाईचे डॉक्टर झाले. माझी शाळा संपली होती, म्हणून रात्रंदिवस जवळ मीच. शेवटच्या आठवड्यात एका सकाळी ती बरीच शुद्धीवर होती. मी तिला पेज भरवत होते. एकाएकी म्हणाली, “तो कागद हाय का गं? औषधाचा?”

“कुठला कागद?” मी म्हणाले. मग म्हणाले, “हरवला असेल.” तो माझ्या ट्रंकेत, तळाशी आहे.

“जाऊ दे,” ती म्हणाली. पेजेचा घोट गिळायला तिला वेळ लागला. “मी लई इचार केला त्याचा. एवढे शाने लोक, बाटलीत औषध घालून साता समुद्रावरून धाडतेत... ते वाटीचं इसरतील व्हय? इंजन जरा फिरवलं असतं, तर औषध वाटीत उतरलं असतं. त्यांनी लिहिलंच असंल. त्या कागदाचा खालचा तुकडा कुठंतरी फाटला असंल बग.”

मी चमचा वाडग्यात ठेवला. तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला आणि डोळे मिटले. न वाचलेली ओळ तिनं, एक अक्षर न येता, तीन वर्षं दळत दळत शोधून काढली होती. फाटला असेल, असं ती कुणाला वाचवायला म्हणाली की तिला खरंच तसं वाटत होतं, ते मला कधीच कळणार नाही. मला तेव्हा बोलता आलं असतं. ती त्यानंतर चार दिवस होती.

तेराव्याला परसात मी गप्प राहिले, ते वर सांगितलंच. त्यानंतर दोन दिवसांनी आक्काचे दीर माजलगावाहून आले. त्यांना निरोप उशिरा पोचला होता. बैठकीत आबा आणि ते बसले होते, गावातले आणखी तिघे-चौघे होते. आईनं चहाचं तबक माझ्या हातात दिलं. बैठकीत पुरुष असताना मी उंबरा ओलांडत नाही. तबक दारातून गड्याच्या हाती द्यायचं. मी दारापर्यंत आले. आबांचा आवाज भरून आला होता. मी त्यांना असं रडवेलं कधी पाहिलं नव्हतं. खरं सांगायचं तर पहिला विचार हाच आला, की माझ्यासाठी हे असे रडतील का.

“पोरीच्या हाताला गुण होता,” आबा सांगत होते. “तशी बाई पुन्हा व्हायची नाही. पण एकदा तिनं हयगय केली. मी तिला बोललो नाही, पण मनातून ते गेलं नाही माझ्या. एवढा विश्वास टाकला होता... आणि साधी वाटी बघितली नाही तिनं.”

आक्काचे दीर खाली मान घालून म्हणाले, “बाईमाणूस शेवटी. मोटरीचं काय कळणार.”

गडी तबक घ्यायला पुढे आला. मी ते त्याच्या हातात दिलं नाही. उंबरा ओलांडून आत गेले, तबक सतरंजीवर ठेवलं. सगळे माझ्याकडे बघत होते. माझा आवाज मला ओळखू येत नव्हता, पण तो पोचेल इतका मोठा होता.

“आबा, वाटीचं तिनं तेव्हाच विचारलं होतं, तुमच्यासमोर. कागदात शेवटी उत्तर लिहिलेलं होतं, इंजिन दहा मिनिटं चालवा म्हणून. मी ते वाचलं, आणि तिला सांगितलं नाही. ती चुकावी म्हणून.”